चेंडू झेलणार कोण? ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

दि. 10 एप्रिल 2022

प्रति,
श्री. मार्क मर्फी, अध्यक्ष
श्री. ब्रायन गुटेकुन्स्ट, जनरल मॅनेजर
ग्रीन बे पॅकर्स, लाम्बो फील्ड, ग्रीन बे, विस्कॉन्सिन

स. न. वि. वि.

आपल्या संघाच्या यादीत वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, म्हणून आज कोण कोण उरलंय, ते एकदा ओळीने वाचून बघा. अॅलन लझार्ड, ज्याने तुमच्या टेंडरवर (एका वर्षाच्या कराराच्या देकारावर) अजून सही केलेली नाही. रँडल कॉब, जो ऑगस्टमध्ये 32 वर्षांचा होईल आणि ज्याला पगार कमी करून ठेवून घेतलंय. अमारी रॉजर्स, ज्याच्या नावावर पहिल्या हंगामात एकूण 4 झेल आणि त्यांतून पुढे नेलेलं 45 यार्ड अंतर आहे. त्यापुढची नावं सांगायला सीझन तिकीटवाल्यालाही डोकं खाजवावं लागतं. आणि यांच्याकडे चेंडू फेकणार कोण? तर सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला 38 वर्षांचा एरन रॉजर्स. त्याच्याशी तुम्ही गेल्याच महिन्यात तीन वर्षांचा 15 कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आहेत.

17 मार्चला आपला सर्वोत्तम रिसीव्हर डव्हांटे अॅडम्स लास व्हेगास रेडर्सकडे गेला. बदल्यात आपल्याला ड्राफ्टमधला, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या वार्षिक कार्यक्रमातला, 22वा आणि 53वा क्रमांक मिळाला. त्यानंतर इक्वानिमियस सेंट ब्राऊन शेजारी शिकागोला गेला. मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंगने कॅन्सस सिटी गाठली. अॅडम्स जाऊन तीन आठवडे उलटले आणि बाहेरून एकही रिसीव्हर आलेला नाही. कॅन्सस सिटीनेही त्याच आठवड्यांत त्यांचा रिसीव्हर टायरीक हिल मायामीला देऊन टाकला, पण त्यांनी तो जायच्या आधी जूजू स्मिथ-शूस्टरला आणून ठेवलं होतं आणि तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आपलाच माणूस नेला. घर रिकामं करायची त्यांची रीत आणि आपली रीत यांत एवढा फरक का, हे विचारायला हे पत्र.

इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत आमच्या मंडळींसाठी. इथे मिलवॉकीच्या आसपास, मॅडिसनला, अॅपलटनला मराठी घरं बरीच आहेत, आणि दर रविवारी दुपारी त्यांतल्या कितीतरी घरांत कुकरच्या शिट्टीवर टीव्हीचा आवाज चढलेला असतो. ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: हा तो पायाने खेळायचा फुटबॉल नाही. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, आणि ठरलेल्या वाटेने पळत जाऊन, अंगावर आलेल्या बचावपटूला चकवून तो झेलतो तो वाइड रिसीव्हर.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर ज्याने आरडाओरडा केलाय, त्याला संघाला मालक नसतो, पेठ असते, हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच विस्कॉन्सिनला आल्यावर पॅकर्स मला परके वाटले नाहीत. लाखभर वस्तीच्या गावाचा संघ, धनाढ्य मालक नाही, लाखो सामान्य भागधारक. गेल्या हिवाळ्यात तुम्ही पुन्हा शेअर काढलेत तेव्हा मीही 300 डॉलर भरून एक घेतला. त्यावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, आणि ते पैसे खेळाडूंच्या पगाराला नव्हे तर स्टेडियमच्या कामाला जातात, हे सगळं वाचून, समजून घेतला. माहितीपत्रकात लीगचा आणखी एक नियम छापलेला होता: भागधारकाने संघावर, त्याच्या व्यवस्थापनावर जाहीर टीका करू नये. तेव्हा पुढचं सगळं टीका न समजता घरच्या माणसाची काळजी समजावी, ही विनंती.

आधी अॅडम्सच्या जाण्याबद्दल. त्याला मी दोष देत नाही. कॅलिफोर्नियाचा मुलगा, लहानपणापासून रेडर्सचा चाहता, फ्रेस्नो स्टेटमध्ये ज्याचे चेंडू झेलले तो डेरेक कार तिकडे क्वार्टरबॅक. रेडर्सने देऊ केलेला पैसा तुम्हीही द्यायला तयार होतात, असं बातम्यांत आलं. ते खरं असेल असं मी धरून चालतो. पण मग प्रश्न पैशाचा नव्हता, वेळेचा होता. 2017 च्या डिसेंबरात त्याचा पहिला करार संपायला आला असताना हंगाम संपायची वाट न बघता आपण त्याला चार वर्षांसाठी बांधून घेतलं होतं. 2021 च्या उन्हाळ्यात तीच वेळ पुन्हा आली, आणि बोलणी फिसकटली. जुलैमध्ये त्याने आणि रॉजर्सने एकाच वेळी मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन या बास्केटबॉलच्या जोडगोळीचा फोटो टाकला, तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या शाळकरी पोरांनाही त्याचा अर्थ कळला होता: हा दोघांचा एकत्र शेवटचा हंगाम. तुम्ही एक हंगाम थांबलात. त्या हंगामात त्याने 123 झेल आणि 1553 यार्ड केले. संघाच्या इतिहासात एका हंगामात दोन्ही आकडे एवढे कुणाचेच नाहीत. मग 8 मार्चला तुम्ही त्याच्यावर फ्रँचायझी टॅग लावलात, म्हणजे एका वर्षासाठी एकतर्फी अडकवून ठेवलंत. जो माणूस वर्षभर थांबून कंटाळलाय त्याला अडकवून ठेवल्यावर तो दुसरीकडे बघणारच. वाटाघाटीत तुमचं नेमकं काय चुकलं ते मला बाहेरून दिसत नाही. पण उशीर झाला, एवढं कॅलेंडरवरून दिसतं.

तरीही या पत्राचं खरं कारण अॅडम्स नाही. एक मोठा खेळाडू जाऊ शकतो, गेलेत. जेम्स जोन्स 2014 मध्ये रेडर्सकडे गेला, जॉर्डी नेल्सन 2018 मध्ये रेडर्सकडे गेला, आता 2022 मध्ये अॅडम्स. दर चार वर्षांनी आपण त्यांना एक रिसीव्हर पाठवतो, ही प्रथाच पडून गेलीय. माझी तक्रार आहे ती तो गेल्यावर मागे कुणीच नसण्याबद्दल.

गेल्या हंगामात अॅडम्सचे 1553 यार्ड. रिसीव्हरांत दुसऱ्या क्रमांकावर लझार्ड, 513. तिसरा व्हाल्डेस-स्कँटलिंग, 430. हे एका माणसावर उभं केलेलं घर होतं आणि ते तुम्हाला निदान दोन वर्षं दिसत होतं.

चाहत्यांनी हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: पॅकर्सना पहिल्या फेरीत रिसीव्हर घ्यायची गरज पडत नाही, आम्ही ते दुसऱ्या फेरीत शोधतो. खरं आहे. ग्रेग जेनिंग्स, नेल्सन, कॉब, अॅडम्स, चौघेही दुसऱ्या फेरीतले. पण या चौघांना आणलं ते आधीचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांनी. गुटेकुन्स्ट साहेब, 2018 पासून ड्राफ्ट तुमच्या हातात आहे. चार वर्षांत तुम्ही दुसऱ्या फेरीत कोण घेतलं? जॉश जॅक्सन, एल्गटन जेंकिन्स, ए. जे. डिलन, जॉश मायर्स. एक कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू), एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), दोघे लाइनमन (पुढच्या फळीतले). जेंकिन्स उत्तम निघाला, डिलन मला मनापासून आवडतो. पण रिसीव्हर एकही नाही. तुम्ही रिसीव्हरसाठी खर्च केलेला सगळ्यात वरचा क्रमांक म्हणजे तिसऱ्या फेरीतला अमारी रॉजर्स. ज्या परंपरेचा दाखला देता ती तुम्ही स्वतः एकदाही पाळलेली नाही. पहिल्या फेरीचं तर बोलायलाच नको. 2002 मध्ये जव्हॉन वॉकर घेतला, त्याला यंदा वीस वर्षं झाली.

त्यातही 2019 आणि 2020 ही दोन वर्षं मला विसरता येत नाहीत. 2019 मध्ये तिसऱ्या फेरीत 75व्या क्रमांकावर आपण टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) जेस स्टर्नबर्गर घेतला. 76व्या क्रमांकावर वॉशिंग्टनने टेरी मॅक्लॉरिन घेतला. स्टर्नबर्गरला आपण गेल्या सप्टेंबरमध्ये सोडून दिलं, आणि मॅक्लॉरिन आज लीगमधल्या कुठल्याही कॉर्नरबॅकची झोप उडवतो. एका नावाची चूक कुणाचीही होते, सोडा. पण 2020 चा ड्राफ्ट रिसीव्हरांनी ओसंडून वाहत होता, हे ड्राफ्टच्या आधी सगळेच सांगत होते. त्या वर्षी आपण चौथ्या फेरीचा क्रमांक मोजून 30 वरून 26 वर चढलो आणि क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. 33व्या क्रमांकावर टी हिगिन्स गेला, 34व्यावर मायकेल पिटमन. बरं, पहिल्या फेरीत नाही तर नाही. त्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये, सातही फेऱ्यांत, आपण एकही रिसीव्हर घेतला नाही. बाहेरून आणलेल्या डेव्हिन फंचेसने कोविडमुळे तो हंगाम खेळायचं नाकारलं, आणि मग जे होते त्यांच्यावर भागवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता 22 जानेवारीच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध झालेल्या बाद फेरीच्या सामन्याबद्दल. मी लाम्बोवर होतो. थंडी उणे दहाच्या आसपास, उत्तरार्धात बर्फ. अॅल्युमिनियमच्या बाकांवर बसणाऱ्यांना माहीत आहे की पायाखाली पुठ्ठा टाकला नाही तर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत बोटं आहेत की नाहीत ते कळेनासं होतं. पहिल्याच ड्राइव्हमध्ये (चढाईत) डिलनने टचडाऊन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि त्यानंतर आपलं आक्रमण थिजून गेलं. रॉजर्सने त्या रात्री 20 पास पूर्ण केले. त्यांतले 9 अॅडम्सकडे आणि 9 रनिंग बॅक एरन जोन्सकडे. 225 यार्डांपैकी या दोघांना सोडून उरलेल्या सगळ्या संघाचे मिळून 6 यार्ड. सहा! सॅन फ्रान्सिस्कोच्या बचावाला यात कोडं काय पडणार? शेवटी गुण बरोबरीत, तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींतली तिसरी), आणि रॉजर्सने चेंडू लांब भिरकावला अॅडम्सकडे. त्याच्यावर दोघे होते. माझ्या शेजारचा म्हातारा उभा राहून अलीकडे, मधल्या भागाकडे हात करून ओरडत होता, कारण तिथे लझार्ड मोकळा पळत होता. चेंडू जमिनीवर पडला, आपण पंट केला, म्हणजे लाथेने चेंडू दूर मारून त्यांना देऊन टाकला, आणि घड्याळ संपता संपता रॉबी गोल्डने किक मारून 13-10 असा सामना नेला. पंट अडवला गेला, किक अडवली गेली, स्पेशल टीमने (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीने) घात केला, हे सगळं मान्य. त्यावर तुम्ही नवा प्रशिक्षक आणून उपाय केलात, चांगलं केलंत. पण आक्रमणाने 10 गुण केले ते स्पेशल टीममुळे नव्हे. रॉजर्सने दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही, कारण दुसऱ्या कुणाकडे बघायची सवय लागावी असा माणूस तुम्ही त्याला दिलाच नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्टही आठवा. टॅम्पाविरुद्ध उपांत्य सामन्यात आपण 31-26 ने हरलो, पण त्या दिवशी व्हाल्डेस-स्कँटलिंगने 4 झेलांत 115 यार्ड आणि एक टचडाऊन केला होता. दुसरा रिसीव्हर चालला की आपला खेळ कसा मोकळा होतो ते तेव्हा दिसलं होतं. हातातून चेंडू सोडतो म्हणून त्याला शिव्या घालणाऱ्यांत आमच्या घरातलेही आहेत. पण तो नुसता सरळ पळाला तरी एक सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) त्याच्यामागे ओढला जायचा. ते काम आता कोण करणार?

यावर तुमच्या बाजूचे लोक एक आकडा तोंडावर फेकतात: मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लर आल्यापासून अॅडम्सशिवाय 7 सामने खेळलो, 7 जिंकलो. त्यात गेल्या ऑक्टोबरमधला अॅरिझोनाचा सामनाही आहे, अॅडम्स, लझार्ड, व्हाल्डेस-स्कँटलिंग तिघेही नसताना 24-21 ने जिंकलेला. मी तो पाहिलाय, आणि शेवटी आपल्या बचावातल्या रसूल डग्लसने एंड झोनमध्ये त्यांचा चेंडू पकडला तेव्हा नाचलोही आहे. पण हे सातही सामने साखळीतले आहेत. एखाद्या आठवड्यापुरता बेत बदलून सामना काढणं वेगळं. सतरा आठवड्यांची चित्रफीत पाहून आलेल्या संघासमोर जानेवारीत उभं राहणं वेगळं.

दुसरा दाखला इतिहासाचा देतात. 1994 च्या शेवटी आपला रिसीव्हर स्टर्लिंग शार्प याची कारकीर्द मानेच्या दुखापतीने संपली आणि 1995 मध्ये रॉबर्ट ब्रूक्सने 1497 यार्ड केले, संघ उलट पुढे गेला. दाखला मला आवडतो, फक्त तो पुरा सांगा. ब्रूक्स 1992 च्या तिसऱ्या फेरीतला. शार्प गेला तेव्हा तो तीन हंगाम त्याच मैदानावर, त्याच क्वार्टरबॅकबरोबर खेळून तयार झालेला होता. आजचा आपला ब्रूक्स कोण? यादी मी वर दिलीच आहे.

नेल्सनला 2018 मध्ये ज्या तऱ्हेने निरोप दिलात त्यावरही लिहिणार होतो. टाइट एंड जिमी ग्रॅहमला घेतलं त्याच दिवशी त्याला सोडलं, एवढी आठवण पुरे.

परवा पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात ताटं हातात घेऊन हाच वाद रंगला होता. एका गृहस्थांचं म्हणणं, पहिल्या फेरीतले दोन्ही क्रमांक देऊन वर चढा आणि कॉलेजातला रिसीव्हर जेमसन विल्यम्स घ्या, गुडघा काय, होईल बरा. आमच्या मेहुण्यांना सिएटलचा डी. के. मेटकाफ हवा. कॉलेजातल्या एका मुलीने फोनवर आकडे काढून दाखवले की ख्रिस ओलावे आणि गॅरेट विल्सन यांच्यातला एक 22 पर्यंत उरला तर तो सोडणं हा गुन्हा आहे. ज्युलिओ जोन्सचं नाव निघाल्यावर दोन पिढ्यांची सरळ फाळणी झाली. श्रीखंड संपलं, वाद संपला नाही. माझं मत मी तिथे मांडलं, तेच इथे मागण्या म्हणून मांडतो.

28 एप्रिलला ड्राफ्ट सुरू होतोय, तोही लास व्हेगासमध्ये, म्हणजे जखमेवर मीठच. आपल्याकडे 22, 28, 53 आणि 59 असे चार क्रमांक आहेत. पहिल्या फेरीतल्या दोनांपैकी एक रिसीव्हरसाठी वापरा, आणि दुसऱ्या फेरीत आणखी एक घ्या. दोन हवेत, एक नको, कारण नवखा रिसीव्हर पहिल्या वर्षी किती चालेल याची खात्री कुणीच देत नाही. सगळे क्रमांक एका माणसावर उधळून खूप वर चढू नका. मेटकाफच्या नादी लागू नका. क्रमांकही द्यायचे आणि अॅडम्सला द्यायचा तेवढाच पैसाही मोजायचा, तर मग अॅडम्सला का जाऊ दिलं?

लझार्डला एका वर्षाच्या टेंडरवर टांगून ठेवू नका. ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेला, जॅक्सनव्हिलच्या सराव-संघातून उचललेला हा मुलगा. गेल्या वर्षी 40 झेल आणि 8 टचडाऊन. पण त्याची खरी किंमत कळायला चेंडूवरची नजर काढून पडद्याच्या कडेला बघावं लागतं. एरन जोन्स किंवा डिलन बाहेरून पळतात तेव्हा लाइनबॅकरला अंगावर घेऊन दहा यार्ड ढकलत नेणारा हाच असतो. त्याच्याशी दोन-तीन वर्षांचा करार करा, आणि तो आत्ता, स्वस्तात होतोय तोवर करा.

एक अनुभवी माणूस आणा. ओडेल बेकहॅमचा गुडघा फेब्रुवारीत गेलाय, तो निम्मा हंगाम तरी बाहेर बसेल. ज्युलिओ जोन्स 33 वर्षांचा, गेल्या वर्षी 31 झेल आणि एकच टचडाऊन. नाव मोठं आहे म्हणून जर्सी विकल्या जातील, सामने नाही जिंकले जाणार. जार्विस लँड्री मोकळा आहे. तो वेगवान नाही, पण तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असतील तर सात यार्डांवर उभा असतो. मला विचाराल तर तो.

जेंकिन्स, कॉर्नरबॅक जाइर अलेक्झांडर, रशान गॅरी यांचे करार शेवटच्या वर्षापर्यंत लोंबकळत ठेवू नका. अॅडम्सच्या बाबतीत जे झालं ते कॉर्नरबॅकच्या बाबतीतही होऊ शकतं. डि'व्हॉन्ड्रे कॅम्पबेल आणि डग्लसला तुम्ही वेळेत राखलंत, त्याबद्दल मनापासून आभार. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आणि जुलैच्या वार्षिक सभेत वीट आणि सिमेंटच्या हिशेबाबरोबर या गोष्टीचाही हिशेब द्या. नवे पडदे आणि रुंद झालेल्या मार्गिका आम्हाला दिसतीलच. लाम्बोसमोरच्या ज्या बंद मैदानात संघ सराव करतो त्याला तुम्ही डॉन हटसनचं नाव दिलंय. 11 हंगामांत 99 टचडाऊन झेललेला तो रिसीव्हर होता. अॅडम्सशी बोलणी 2021 च्या उन्हाळ्यात का थांबली, 2020 मध्ये सात फेऱ्यांत एकही रिसीव्हर का घेतला नाही, आणि मिळालेल्या 22 आणि 53 या क्रमांकांचं शेवटी काय केलं, एवढ्या तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा. मी सभेला येणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक भागधारक
मिलवॉकीजवळ, विस्कॉन्सिन (मूळ गाव कोल्हापूर)